चार सागवानी ठोकळे

वसंता,

रविवारी विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी सोळा मिनिटे बोललो. मला पाच मिनिटे दिली होती. बाहेरच्या फ्लेक्सवर तुझा फोटो मधोमध आणि खाली आम्हा वक्त्यांचे फोटो रांगेने होते. त्यात माझा तुझ्यापेक्षा अंमळ मोठा छापून आला होता. तू असतास तर म्हणाला असतास, "वा रे मास्तर, मेलो मी अन् जाहिरात तुही." मी कॉलेजात शिकवत होतो, गाव मला सर म्हणते. तू मात्र मला शेवटपर्यंत मास्तरच ठेवलेस, आणि गावात तेवढ्या एका माणसाजवळ मी वजनाने हलका असायचो.

भाषण चांगले झाले असे सगळे म्हणाले. मला त्यातले एकच वाक्य आठवते. "ज्याच्या हाती आपली किल्ली निर्धास्तपणे द्यावी, असा हा माणूस." लोकांनी माना डोलावल्या. सुमन वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. तुझ्या प्रफुल्लने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली सतरंजीवर नेली. त्याने तसे का केले हे मला सोमवारी कळले. पण वाक्य खोटे होते हे मला रविवारीच, ते उच्चारतानाच ठाऊक होते. किल्ली मी तुला दिली होती. निर्धास्तपणे दिली नव्हती. माइकसमोर जे बोललो ते माइकसमोर सुधारण्याची हिंमत माझ्यात नाही, म्हणून हे लिहितो आहे. वाचणारे दुसरे असतील, पण सांगतो आहे तुलाच.

गाडीपासून सुरुवात करावी लागेल. जन्मभर दुसऱ्यांच्या डामडौलाची टिंगल केली आणि निवृत्त होताच एक डामडौल विकत आणून घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला. पांढरी, लहानशी गाडी. लगेच लेकीला मूल झाले आणि आम्ही दोघे होळीनंतर पुण्याला जायचे आणि दसऱ्याला आर्वीला परतायचे, असा क्रम पडला. म्हणजे वर्षातले सात महिने गाडी एका जागी. पहिल्या वर्षी मी हँडब्रेक ओढला, वरून कव्हर घातले आणि कर्तव्य आटोपले. परतल्यावर गाडी बाहेर काढली तर दोनशे पावलांत ती अशी उड्या मारायला लागली की मी घाबरून थांबलो. तू फाटकाशी उभा होतास.

"काऊन बे मास्तर, गाडी लंगडून राह्यली न?"

"इंजिनात काहीतरी झालंय बहुतेक."

"इंजिन कायले लंगडते? पाय पाह्य तिचे."

मी बोनेट उघडायला गेलो तर तू ते परत खाली लावलेस. उकिडवा बसलास आणि मागच्या चाकावर तळहात फिरवत एका जागी थांबलास. माझा हात धरून तिथे ठेवलास. टायर तिथे चपटा झाला होता. "सात महिने एकाच कुशीवर निजवलं तू तिले. माणूस असता तं पाठीले जखमा झाल्या असत्या."

मग तू अंगणात जे व्याख्यान दिलेस ते मी आयुष्यात ऐकलेल्या बहुतेक व्याख्यानांपेक्षा लहान आणि उपयोगी होते. तीस वर्षे एसटीच्या आगारात टायरच्या कामावर काढलेला माणूस, तुला टिपणे लागत नव्हती. गाडी ठेवायच्या आधी चाके धुवून कोरडी करायची. हवा नेहमीपेक्षा चार-पाच पौंड जास्त भरायची, कारण ती हळूहळू कमी होणारच. उघड्या मातीवर उभी करायची नाही, खाली फळ्या टाकायच्या. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, चाकामागे दगड लावायचा. आणि दर पंधरा दिवसांनी चाक पाव फेरा पुढे न्यायचे, म्हणजे भार एकाच जागी बसत नाही. हे शेवटचे कोण करणार, असे मी विचारले. तू हात पुढे केलास. किल्ली मागतो आहेस हे कळायला मला क्षणभर लागले.

त्या हिवाळ्यात तू माझी शेड ताब्यात घेतलीस. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून आत येऊन डाव्या बाजूच्या दोन चाकांवर पडते हे शेड बांधून आठ वर्षे झाली तरी मला दिसले नव्हते. तू झाकायला जुने कापड मागितलेस. बायकोने आतून माझ्या सत्काराच्या शाली आणून दिल्या. सात-आठ होत्या, प्रत्येकीबरोबर एकेक नारळ आणि माझ्याविषयीचे खोटे बोलणे मिळालेले. वर्ध्याच्या उन्हाळ्यापासून रबर वाचवण्याइतका चांगला उपयोग सत्काराच्या शालीचा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तू एक शाल चाकाला गुंडाळलीस आणि म्हणालास, "आता हा टायर अध्यक्ष झाला. काहीच नाई करणार, अन् बसून राह्यन."

शेडमधला पाण्याचा मोटरपंप तू तिथून हलवायला लावलास. मोटरीच्या ठिणग्यांतून जो वायू निघतो तो रबर खातो, असे तुझे म्हणणे. मी हसलो. घरी येऊन तुला खोटे पाडायला पुस्तक उघडले. तू शब्दाला शब्द बरोबर होतास. ते मी तुला कधी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप प्लंबर बोलावून मोटर मागच्या भिंतीला लावून घेतली आणि तू विचारलेस तेव्हा म्हणालो, "इथे आवाज फार येत होता." तू "हो का" म्हणालास. तुझे "हो का" मी आता पुन्हा पुन्हा ऐकतो.

जावयाने पुण्याहून टायर चमकवायचे एक महाग पाणी आणले होते. लावले तर चाके नवरदेवाच्या बुटांसारखी झळकायला लागली. तू येऊन फडक्याने सगळे पुसून काढलेस. जावई जरा दुखावला. तू त्याला समजावलेस, "जावईबापू, चमक म्हणजे तब्येत नसते. ह्या तेलकट पाण्यानं वरून झकास दिसते अन् आतून चिरा पडते." मग माझ्याकडे बोट करून, "इचारा ह्या मास्तरले, याचे सारे पुढारी तसेच आहे." माझ्या मतांचा असा खरपूस सारांश माझ्या कोणत्याच विद्यार्थ्याला जमला नाही.

एक वाद राहूनच गेला आपला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे त्याची जन्मतारीख, हे तू दाखवलेस. तुझे म्हणणे, टायर धावून म्हातारा होतो तसा नुसता बसूनही होतो, वर्षे भरली की नक्षी शाबूत दिसली तरी बदलायचा. माझे म्हणणे, हे कंपन्यांनी माल खपवायला काढलेले शास्त्र आहे. तू म्हणालास, "तू बी निवृत्त होऊन बसूनच आहे न, तुही नक्षी शाबूत आहे, म्हणून तू जवान आहे का?" यावर माझ्याकडे एक चांगले उत्तर होते. तेव्हा सुचले नाही, नंतर सुचले, आणि पुढच्या दसऱ्याला देऊ म्हणून ठेवून दिले. या दसऱ्याला.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी इतका वेळ शाली आणि मोटरी सांगत बसलो.

दुसऱ्या वर्षी होळीनंतर निघताना मी तुझ्या हातात किल्ली दिली. त्याआधी एकटा गाडीत जाऊन बसलो आणि किलोमीटरचा आकडा रेल्वेच्या जुन्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतला. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

दसऱ्याला परत आलो. गाडी पहिल्याच फेरीत लोण्यासारखी चालली, चाकांचा आवाजसुद्धा नाही. घरी आल्यावर मी पाकिटातून तिकीट काढून आकडा ताडून पाहिला. बेचाळीस किलोमीटर जास्त. संध्याकाळी तू ओसरीवर चहाला आलास, बायको समोरच होती, आणि मी हसत हसत म्हणालो, "काय वसंता, गाडीनं यंदा बेचाळीस किलोमीटर हवा खाल्ली म्हणे."

तू कपातून मान वर केलीस. "मोजले वाटते तू."

"अरे, सहज दिसलं."

"तळेगाव रोडनं थोडी नेतो अन् वापस आणतो. पाव फेरा फिरवला तं चपटेपणा येत नाई, हे खरं, पण टायर गरम झाल्याबिगर त्याचा आखडलेपणा जात नाई. महिना-दीड महिन्यातून एकदा. एकटाच जातो."

"गंमत केली रे."

"मले समजते न, गंमत होती."

तू बशीतला चहा शेवटपर्यंत प्यालास, कप धुवून ठेवायला स्वतः मोरीपर्यंत गेलास, जे तू कधी करत नव्हतास, आणि नेहमीपेक्षा लवकर गेलास. "एकटाच जातो" हे तू का म्हणालास तेही मला तेव्हा कळले नाही. म्हणजे वहिनींनाही कधी बसवले नाही, असे तुला सांगायचे होते. मी विचारले नव्हते, तरी तुला ते सांगावे लागले.

तू गेल्यावर बायकोने विचारले, "तुम्ही आकडा लिहून ठेवला होता?"

"सवय आहे मला."

"घराची किल्ली शेजारी वकीलसाहेबांकडे असते सात महिने. त्यांना देताना तुरीच्या डाळीचे डबे मोजले होते का?"

मी म्हणालो की ती उगाच कुठल्या कुठे नेते आहे. ती कुठल्या कुठे नेत नव्हती. ती अगदी नेमक्या जागी नेत होती.

त्या जागेविषयी आपण दोघे कधी बोललो नाही, वसंता. गावच्या शाळेत तू दाराजवळ बसायचास आणि मी खिडकीजवळ. तेव्हा मला ती वाऱ्याची सोय वाटायची. पुढे मी पुष्कळ वाचले आणि तो वारा कुठून वाहत होता ते कळले, आणि कळल्याचा मला अभिमानही वाटू लागला. दरवर्षी जयंतीला तुमच्या विहारासमोरच्या मंडपात मी भाषण द्यायचो. तू पुढच्या रांगेत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. माझी भाषणे निर्भीड असत असे लोक म्हणत. ज्या वर्षी मी तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहिला, त्याही वर्षी मी पुण्याहून मुद्दाम एक दिवसासाठी येऊन भाषण दिले. विषय आठवत नाही, समता असणार. किल्ली तुझ्या घरात खिळ्याला होती, तिकीट माझ्या पाकिटात होते, आणि मी माइकवर होतो. वकीलसाहेबांकडे गाडीची किल्ली असती तर मी तो आकडा पाहिला असता का, हा प्रश्न मला बायकोने विचारला, तू कधीच विचारला नाहीस. उत्तर तुलाही ठाऊक होते, म्हणूनच विचारला नसशील.

तिसऱ्या वर्षी शेडचे दार उघडले तर गाडी अधांतरी होती. चार सागवानी ठोकळ्यांवर, चारही चाके जमिनीपासून तीन बोटे वर. ठोकळे एकसारखे कापलेले, रंधा मारलेले, वर रबराचे तुकडे ठोकलेले, गाडीच्या पत्र्याला ओरखडा जाऊ नये म्हणून. घराची जुनी चौकट तू काढली होतीस, तिचे ते लाकूड. तू अभिमानाने एक चाक हाताने फिरवून दाखवलेस. ते बराच वेळ फिरत राहिले.

"आता चाकावर भारच नाई. ना चपटं होत, ना रस्त्यावर न्यायचं काम. पंधरा दिवसाले येतो, हातानं फिरवतो, खडूची खूण करतो, जातो."

मी कौतुक केले. मग तू जाईपर्यंत थांबलो, गाडीत बसलो आणि याही वर्षी लिहून नेलेला आकडा ताडून पाहिला. एकही किलोमीटर सरकला नव्हता. तेव्हा मला काय वाटले ते सांगतो. मला वाटले, पकडले. म्हणजे गेल्या वर्षी हा खरोखरच फिरत होता, टोकल्यावर बंद झाले. शिकलेल्या माणसाचा हाच उपयोग असतो, त्याच्यापुढे कोणताही पुरावा ठेवा, तो हवा तिकडे वळवतो. साठी ओलांडलेला माणूस गुडघ्यांवर बसून जॅकने गाडीचे एकेक टोक उचलतो आणि स्वतःच्या घराचे लाकूड तिच्याखाली सारतो, आणि मी त्यातून त्याचा कबुलीजबाब वाचतो. बायकोला मी हे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "ठोकळे कशासाठी केले ते कळलं नाही का तुम्हाला?"

"टायरसाठी."

"हो. टायरसाठीच," ती म्हणाली आणि आत गेली.

या वर्षी होळीनंतर तू माझ्यासमोरच गाडी ठोकळ्यांवर चढवलीस. तुला घाम आला होता. तीन ठोकळे बसल्यावर तू चौथ्याशी थांबलास, छातीवर हात ठेवून नाही, नुसताच मांडीवर हात टेकून, म्हातारी माणसे थांबतात तसा. मी वर्तमानपत्र घेऊन उभा होतो. त्या क्षणी माझ्या तोंडाशी एक वाक्य आले होते. राहू दे वसंता, खालीच राहू दे गाडी, चालव तू, वहिनींना बसव, कुठेही जा. शब्दाशब्दाने आले होते. पण ते बोलायचे तर आधी बेचाळीसचे बोलावे लागले असते, आणि बेचाळीसचे बोलायचे तर तिकिटाचे. मी म्हणालो, "जरा नीट बघ, रंग जाईल."

"नाई जात रंग," तू म्हणालास. चौथा ठोकळा बसवलास. किल्ली खिशात टाकलीस. फाटकातून जाताना मागे न पाहता हात वर केलास. "येजो दसऱ्याले. तुह्या टायरच्या जन्मतारखेचं भांडण राह्यलं अजून." हे आपले शेवटचे बोलणे. तुझ्याकडून भांडणाचे आमंत्रण, माझ्याकडून रंगाची काळजी.

आम्ही पुण्याहून पोचलो तेव्हा तुला जाऊन चार दिवस झाले होते. रविवारी मी भाषण दिले, ते वर आलेच आहे. सोमवारी सकाळी एकटाच तुझ्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. प्रफुल्ल समुद्रपूरच्या शाळेतून रजा वाढवून थांबलेला. भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरशेजारी खिळा, खिळ्याला माझी किल्ली. मी विचारू नये ते विचारले, की त्या सकाळी नेमके काय झाले.

वहिनींनी सांगितले. त्यांच्या आवाजात कुणाला काही सुनावण्याचा लवलेशही नव्हता, म्हणून जसेच्या तसे लिहितो. "छातीत भरून आलं म्हणाले. हा होता घरी, सुटी होती न. हा म्हणे, मी सरांची गाडी काढतो. किल्ली घेऊन फाटकापर्यंत गेलता, मंग याच्याच ध्यानात आलं, थे तं ठोकळ्यावर आहे. उतरवाले अर्धा घंटा लागते. म्हणून वापस आला अन् ऑटो बोलावला. ऑटो यायले वीस-पंचवीस मिनिटं लागले. चहात साखर कमी तं नाई न?"

मी म्हणालो, साखर बरोबर आहे.

फाटकापर्यंत प्रफुल्ल मला सोडायला आला. मी विचारले, डॉक्टर काय म्हणाले. तो म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणाले अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता." प्रफुल्ल चांगला शिक्षक आहे. कच्च्या मुलाला उत्तर कसे सांगावे हे त्याला कळते. मी पुन्हा तेच विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले, त्याच शब्दांत. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याच दुपारी गाडी उतरवायला तोच आला. मी जॅक फिरवू लागलो तर त्याने तो हातातून घेतला. एकेक ठोकळा काढून भिंतीशी ठेवला, क्रमाने, तू ठेवायचास तसा. चारही चाकांवर खडूच्या खुणा होत्या, जुन्या पुसट होत गेलेल्या आणि एक ठळक. तुझ्या मृत्यूच्या आधीच्या पंधरवड्याची ती असणार. शाली सोडताना तो हसला, बऱ्याच दिवसांनी हसला असावा.

"बाबा काय म्हणत माहीत आहे का, सर? मी म्हटलं, कायले एवढी मेहनत करता, पह्यलेसारखी चालवून आणत जा. तं म्हणे, नाई गड्या, ठोकळ्यावर ठेवलं का टायरही खुश अन् मास्तरही खुश."

"एवढंच म्हणाला?"

"एवढंच. हसून म्हणत."

मी त्याच्याकडे पाहिले. रविवारी त्याने नजर जमिनीवर का नेली होती ते मला कळले, आणि मला कळले हे त्याला कळले. तो पुन्हा खाली बसला आणि टायरची हवा पाहू लागला. तुझाच मुलगा आहे. समोरच्याची लाज झाकायला त्याला लगेच काहीतरी काम सापडते.

तू रागावला असतास तर बरे झाले असते. भांडला असतास, किल्ली अंगणात फेकली असतीस, चारचौघांत माझे वाभाडे काढले असतेस, तर मी कधीतरी माफी तरी मागितली असती. तू माझा संशय एखाद्या म्हाताऱ्याच्या पथ्यासारखा सांभाळलास. मास्तरला किलोमीटर सोसत नाहीत ना, मग नको. आणि त्यासाठी स्वतःच्या दाराची चौकट कापलीस.

आभार मानायचे तर त्यांनाही जागा कुठे उरली आहे. तरी मानतो. मोटरीच्या वायूचे तू बरोबर होतास. चमकीचे बरोबर होतास. टायरच्या वयाचेही बरोबर असणार, दिवाळीआधी चारही बदलतो आहे. माझे ते राखून ठेवलेले उत्तर मी तुला सांगत नाही, ते फार काही चांगले नव्हते.

गुरुवारी वहिनींना फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी वर्ध्याला जायचे होते. त्या एसटीने निघाल्या होत्या. मी म्हणालो, मी नेतो. त्या बराच वेळ नको म्हणाल्या, मग बायकोने त्यांचा हात धरून आणले. त्या मागच्या सीटवर दाराला चिकटून बसल्या, पिशवी मांडीवर, जणू जागा अडली तर कुणी बोलेल. बायको पुढून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. गाडी निघाली. चाके एकदम गोल होती, वसंता. इतके महिने उभी असून जरासुद्धा धडधड नाही, हादरा नाही. मी खड्डे चुकवत नव्हतो, तरी नाही. थोडी लंगडली असती तर मला बरे वाटले असते.

पुलगावच्या पुढे वहिनी म्हणाल्या, "चांगली चालते गाडी. मी पह्यल्यांदाच बसली."

बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याकडे पाहिले.

संध्याकाळी त्यांना घरी सोडले. किल्ली मी पुन्हा तुझ्या खिळ्याला लावली. गाडी खाली, जमिनीवर, तोंड रस्त्याकडे, टाकी भरलेली, हे प्रफुल्लला सांगितले. वहिनी म्हणाल्या, "आता कोणाले लागते, भाऊ?" मी म्हणालो, असू द्या.

गाडी शेडमध्ये लावल्यावर, किल्ली काढायच्या आधी, वर्ध्याला जाऊन यायला किती किलोमीटर झाले ते मी पाहिले नाही, असे इथे लिहायला मला फार आवडले असते. पाहिले.